प्रीफॅब मॉड्युलर डेटा सेंटर: कारखान्यात काय होतं आणि जागेवर काय उरतं

बसबार

"कंटेनर आणायचा, क्रेननं ठेवायचा, लाइट जोडायची, झालं डेटा सेंटर." नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या ओळखीच्या कारखानदारांकडून हे वाक्य हल्ली वारंवार कानावर येतं. कुणाच्या कंपनीतली सर्व्हर रूम अपुरी पडतेय, कुणाचा सिन्नरला प्लॉट रिकामा पडलाय. मी एचटी-एलटी (उच्च आणि कमी दाबाच्या विजेच्या) पॅनेलच्या धंद्यातला. सिन्नर बाजूला ५०० किलोवॅट आयटी लोडचं (म्हणजे नुसते सर्व्हर आणि नेटवर्क एवढी वीज खाणार) एक प्रीफॅब काम सध्या चालू आहे, त्याचा विद्युत भाग आमच्याकडे आहे. मालकाचं नाव लिहिणार नाही. पण रोज जे दिसतंय ते मांडावंसं वाटलं. या क्षेत्रात नाशिकला करण्यासारखं खूप आहे, आणि अर्धवट समजुतीवर लोक कर्ज काढून बसतील ही भीतीही वाटते.

नेहमीच्या पद्धतीत आधी इमारत उभी राहते आणि मग एकेक ठेकेदार आत शिरतो. फॉल्स फ्लोअरवाला, एसीवाला, यूपीएसवाला, केबलवाला, फायरवाला. प्रत्येकजण आधीच्याचं काम थोडं उकलतो आणि आपलं बसवतो. प्रीफॅबमध्ये हे सगळं कारखान्यात छपराखाली, स्टीलच्या चौकटीत जोडतात, तिथेच चालवून बघतात आणि मग तयार खोली ट्रेलरवर चढवतात. पॉवरचं मॉड्यूल वेगळं: त्यात एलटी पॅनेल, यूपीएस, बॅटऱ्या. रॅकचं, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटांचं, मॉड्यूल वेगळं. कूलिंगचं सामान काही ठिकाणी वेगळ्या मॉड्यूलमध्ये, काही ठिकाणी छतावर. ट्रान्सफॉर्मर आणि डीजी (डिझेल जनरेटर) सहसा बाहेरच, आपापल्या काँक्रीटच्या बेडवर.

कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सनं २००६ मध्ये 'प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स' म्हणून २० फुटी कंटेनरात बसवलेलं डेटा सेंटर जगाला दाखवलं. गूगलनं २००९ मध्ये सांगितलं की त्यांच्या एका केंद्रात ४५ कंटेनर आहेत आणि एकेकात ११६० पर्यंत सर्व्हर मावतात. तिथून गाडी पुढे आली. आता मालवाहू कंटेनर मागे पडले आणि डेटा सेंटरसाठीच बेतलेली मॉड्यूल आली.

यात वेळ वाचतो तो एकाच कारणानं. जागेवर पाया घालणं आणि कारखान्यात खोली बांधणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. पावसाळ्यात जागेवर चिखल असला तरी शेडमधलं वायरिंग थांबत नाही. वायरमनला सपाट फरशी, चांगला उजेड आणि हाताशी टूल रूम मिळते, त्यामुळे कामाचा दर्जाही वाढतो. मी दोन्ही प्रकारची कामं बघितली आहेत. शेडमध्ये ओढलेली केबल आणि रात्री दोन वाजता घाईनं ओढलेली केबल यांच्यातला फरक डोळ्यांना दिसतो.

पण वाचतो तो खोलीचा वेळ. जमिनीचा, वीजजोडणीचा, परवानग्यांचा वेळ तेवढाच राहतो. खोली लवकर तयार होणार म्हणून वीजजोडणीचा अर्ज उशिरा टाकला, तर तयार मॉड्यूल ताडपत्रीखाली उभी राहतात आणि त्यांच्या बॅटऱ्या बसल्या जागी उतरत जातात. माझ्या मते सगळ्यात आधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: आज किती किलोवॅट आयटी लोड, पाच वर्षांनी किती, आणि ती वीज कुठल्या सबस्टेशनवरून. मॉड्यूलचं कोटेशन त्यानंतर.

प्रश्न विचारा. जे ठाऊक आहे ते सांगेन.

कॅट_सिक्स

चांगला धागा. मी एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. न्हावाशेव्याहून जुने २० फुटी कंटेनर सहज मिळतात. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले गल्लोगल्ली आहेत. मग तोच कंटेनर कापून, इन्सुलेशन मारून रॅक का बसवू नयेत? एवढी महाग मॉड्यूल कशाला?

बसबार

टेप घेऊन बसा. मालवाहू कंटेनरची बाहेरची रुंदी २.४३८ मीटर, आतली साधारण २.३५. दोन्ही भिंतींना इन्सुलेशन आणि आतला पत्रा लावला की राहतात जेमतेम सव्वादोन मीटर. आजचा सर्व्हर रॅक १.२ मीटर खोल. म्हणजे रॅकच्या पुढे आणि मागे मिळून एक मीटर उरतो. पुढून सर्व्हर रेलवर ओढायचा तर ८०० मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा हवी आणि मागे पॉवर केबल लावायला माणूस उभा राहिला पाहिजे. दोन्ही होत नाही.

पहिल्या पिढीच्या कंटेनरांत हीच अडचण होती. मोठ्या कंपन्यांना ती चालली, कारण त्यांच्या हजारो सर्व्हरांपैकी चार बंद पडले तरी ते तसेच ठेवता येतात. तुमच्या कंपनीत ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचा) एक सर्व्हर पडला तर तुम्हाला तो त्याच रात्री बाहेर ओढावा लागतो ना? म्हणून आता ३ ते ३.६ मीटर रुंदीची मॉड्यूल बनवतात, किंवा दोन मॉड्यूल शेजारी ठेवून मधली भिंत काढतात. मधली भिंत काढली की जोड आला, आणि या सगळ्या पद्धतीत जपायची जागा म्हणजे तो जोड.

जोड तपासायची आमच्या शेडमधली रीत सांगतो. दोन मॉड्यूल बोल्टनं आवळून झाली की भर दुपारी आतले सगळे दिवे बंद करायचे, दारं लावायची आणि आत पाच मिनिटं उभं राहायचं. डोळे सरावले की छताच्या जोडात कुठे टाचणीएवढा उजेड दिसतो ते खडूनं खूण करून घ्यायचं. मग बाहेरून पाइपानं पाणी मारायचं, वरून आणि तिरकं दोन्हीकडून, कारण आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. गॅस्केट आणि ब्यूटिल टेप दोन्ही असूनही कोपऱ्यात, जिथे तीन पत्रे भेटतात, तिथे ओल दिसते. ती शेडमध्ये दिसली तर तासाभराचं काम. रॅक चालू झाल्यावर दिसली तर विचारू नका.

तांबडा_मुरूम

मी सिव्हिलवाला. "जागेवर फक्त बेड" असं लोक म्हणतात तेव्हा काळजी वाटते. नाशिक-सिन्नर पट्ट्यात एकाच प्लॉटवर एका टोकाला हातभर मातीखाली काळा पाषाण लागतो आणि दुसऱ्या टोकाला दीड-दोन मीटर काळी माती निघते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर थोडं खचलं तर प्लॅस्टरला तडा जातो, भरून घेता येतो. इथे दोन मॉड्यूलपैकी एक काही मिलिमीटर खाली बसलं तरी तोच जोड उघडतो, दार चौकटीत अडकतं, बसबारच्या (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) जोडावर ताण येतो.

म्हणून काळी माती पूर्ण उचला. मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, रोलर फिरवा. प्रत्येक थराची घनता लॅबकडून तपासून घ्या आणि मगच राफ्ट (अख्ख्या जागेखालचा एकसंध काँक्रीटचा पाया) घाला. राफ्टवर पेडेस्टल (मॉड्यूल टेकवायचे बुटके खांब) काढून प्रत्येकाची लेव्हल ऑटो लेव्हलनं घ्या, उरलेला फरक स्टीलच्या शिम प्लेटनी काढा, शेवटी न आकुंचणारं ग्राउट. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे, त्यामुळे मॉड्यूल नुसतं ठेवून चालत नाही. अँकर बोल्टचं डिझाइन स्ट्रक्चरलवाल्याकडूनच घ्या. आत रॅकही तळाला आणि वरून बांधलेले हवेत.

आणखी एक, जे ड्रॉइंगवर कधीच नसतं. क्रेन उभी कुठे राहणार? तिच्या आउटरिगरखाली (बाजूला पसरणाऱ्या पायांखाली) फार मोठा भार एका ठिकाणी येतो. काल बुजवलेल्या केबल ट्रेंचवर आउटरिगर आला तर पुढचं लिहीत नाही. क्रेनची जागा आधी आखा, ट्रेंच नंतर खणा.

बसबार

दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. ट्रेंचचं तर अगदी खरं. आमच्या कामात क्रेनची जागा ठरल्यावर अख्खा केबल रूट पूर्वेच्या कुंपणाकडे सरकवला.

जोडून एवढंच सांगतो की प्लिंथची (जोत्याची) उंची ठरवताना जुना पूर बघा. गोदेचे २००८ आणि २०१९ चे पूर शहरानं बघितलेत. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर अजून गप्पा होतात. सिन्नरला गोदा नाही, पण प्लॉटच्या मागचा कोरडा नाला दहा वर्षांतून एकदा भरतोच. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं की तो बोट दाखवून सांगतो पाणी कुठवर येतं.

चौदा_चाकी

वाहतुकीवर बोलतो, आमचे ट्रेलर आहेत. नियमानं वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत. त्यापुढे माल गेला की ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल). मग परवानगी, लाल झेंडे, पुढे पायलट गाडी, ठरवून दिलेल्या वेळेतच चालायचं. ३.६ मीटरचं मॉड्यूल म्हणजे ओडीसी धरूनच चला.

पुण्याकडून चाकणचं मॉड्यूल सिन्नरला आणायचं तर चंदनापुरी घाट. अंबडहून सिन्नरला न्यायचं तर मोहदरी घाट. मुंबईकडून कसारा घाट, किंवा आता समृद्धी. जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धी पूर्ण झालाय, पण ओडीसीला तिथून जाऊ देतील का हे बुकिंगच्या आधी विचारून घ्यायचं. रस्ता एकदा रिकाम्या गाडीनं फिरून बघावा. पुलाखालची उंची, आडव्या केबल, वळणावरचे टपऱ्यांचे छज्जे, आणि कारखान्याच्या गेटची रुंदी. गेट तोडायची वेळ आलेली मी बघितली आहे.

आणि सिंहस्थ विसरू नका. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. पर्वकाळात अवजड गाड्यांना शहरात आणि आजूबाजूला बंदी येणारच. मोठी मॉड्यूल त्याआधी तरी आणा, नाहीतर सरळ दसऱ्यानंतर.

द्राक्षवाली

आमचं पिंपळगाव बाजूला द्राक्षांचं पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेज आहे, त्यामुळे हे वाचताना ओळखीचं वाटतंय. पफ पॅनेल (फोम भरलेली भिंतीची पॅनेल) आम्हाला पाठ आहेत. प्रीकूलिंगची खोली आठवड्यात उभी राहते. मग डेटा सेंटरचं मॉड्यूल म्हणजे कोल्ड रूमच ना? आमच्या पॅनेलवाल्याकडूनच बांधून घेतलं तर?

बसबार

ताई, दिसायला सारखंच, पण उष्णता उलट दिशेनं वाहते. तुमच्या कोल्ड रूममध्ये माल एकदा थंड झाला की लढाई असते ती बाहेरच्या उन्हाशी. म्हणून जाड पफ, एअर कर्टन, दार कमी उघडणं. डेटा सेंटरमध्ये शेगडी आतच आहे. सर्व्हरनं खाल्लेली वीज जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि तीही चोवीस तास, वर्षभर.

थंड करायची ताकद टनात मोजतात, १ टन रेफ्रिजरेशन म्हणजे ३.५१७ किलोवॅट. १० किलोवॅटचा एक रॅक म्हणजे २.८ टन झाले. आमचं ५०० किलोवॅट म्हणजे नुसत्या आयटीसाठी १४२ टन, त्यावर यूपीएसची उष्णता, माणसं, दिवे. भिंत कितीही जाड केलीत तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. उलट नाशिकच्या हिवाळी रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा बाहेरची थंडी वापरता आली तर कॉम्प्रेसरला विश्रांती मिळते. आमच्या चिलरना (पाणी थंड करणाऱ्या यंत्रांना) त्यासाठी फ्री कूलिंग कॉइल घेतलेत.

दुसरा फरक आगीचा. पफ म्हणजे पॉलियुरेथेन. आग लागली की जळतं आणि काळा विषारी धूर होतो. इथे रॉकवूल भरलेली पॅनेल घ्यावीत. थोडी जड आणि महाग, पण जळत नाहीत. आग विझवायला पाणी नाही, गॅस वापरतात. आणि खोली लहान असल्यामुळे गॅस सुटला की आतला दाब एकदम वाढतो. प्रेशर रिलीफ डँपर (दाब बाहेर सोडणारी झडप) नसेल तर पॅनेलचे जोड फुगतात. कोल्ड रूमवाला हे देणार नाही, कारण त्याला ते कधी लागलंच नाही.

मात्र तुमच्या पॅनेलवाल्याकडे कॅम लॉक जुळवणारे जे हात आहेत तेच हात इथेही लागतात. त्यांना दोन महिने शिकवलं तर नाशकातच उत्तम मॉड्यूल बनतील.

गोदातीर

मला तांत्रिक कळत नाही, पण पाण्याचं विचारते. डेटा सेंटर पाणी पितात असं वाचलंय. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहर, शेती, कारखाने सगळेच अवलंबून. सिन्नरच्या बायकांनी टँकरची वाट बघितलेली मी लहानपणापासून बघते. तिथे हे आणायचं?

बसबार

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. कूलिंग टॉवर किंवा पाणी फवारून हवा थंड करण्याची पद्धत असेल तर पाणी उडून जातं, रोज, भरपूर. त्यात वीज वाचते हे खरं. आम्ही सिन्नरसाठी एअर कूल्ड चिलर घेतलेत. पाइपातलं पाणी बंद चक्रात फिरतं, एकदा भरलं की गळतीपुरतंच वरून टाकायचं. वीज थोडी जास्त लागते. सिन्नर पर्जन्यछायेत आहे, तिथे पाणी उडवून वीज वाचवणं मला पटत नाही. मालकांनाही हेच सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, याचं समाधान आहे.

विजेचा हिशोब असा. एकूण वीज भागिले आयटीची वीज म्हणजे पीयूई. १.५ असेल तर ५०० किलोवॅटच्या सर्व्हरसाठी ७५० किलोवॅट लागतात. तोच १.७ झाला तर आणखी १०० किलोवॅट, म्हणजे वर्षाला ८,७६,००० युनिट. पुरवठादार कोटेशनवर १.३ छापतो तेव्हा विचारा की मे महिन्यात, दुपारी ४१ अंशांना आणि ३० टक्के लोडवर किती? पहिल्या वर्षी लोड कमीच असतो, आणि पीयूई सगळ्यात वाईट तेव्हाच असतो.

गोदातीर

धन्यवाद. हे कंपन्यांनी गावात येऊन असंच सांगायला हवं.

निवृत्त_वायरमन

विजेवर मी बोलतो, आयुष्य त्यात गेलं. बसबार, तू अर्ज लवकर टाका म्हणालास ते शंभर टक्के बरोबर. अर्ज, जागेची पाहणी, अंदाजपत्रक, पैसे भरणं, लाइन ओढणं, मीटरिंग क्युबिकल, विद्युत निरीक्षकांची तपासणी. यातलं एकही कारखान्यात बनवून आणता येत नाही. लाइन कुणाच्या शेतातून जाणार असेल तर त्या शेतकऱ्याशी बोलणी हेही कामच आहे.

दोन फीडर (सबस्टेशनवरून येणाऱ्या दोन वेगळ्या लाइन) घेतो म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. दोन्ही एकाच सबस्टेशनवरून, एकाच खांबावरून येतायत का? मग ते दोन फीडर नव्हेत. वळवाच्या वादळात एक झाड पडलं की दोन्ही जातात.

अर्थिंगचंही लिही. तो मुरूमदादा पाषाण म्हणतोय, त्या पाषाणात अर्थ पिट चांगला रेझिस्टन्स देत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात सुंदर आकडा येतो, मेमध्ये माती फाटली की बिघडतो. अर्थिंगची मोजणी उन्हाळ्यात करायची.

बसबार

काका, तुमच्याकडून नेहमीच शिकायला मिळतं. आम्ही खोल बोअर मारून इलेक्ट्रोड टाकलेत आणि सगळे पिट तांब्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडून एकच ग्रिड केलंय. प्रत्येक मॉड्यूलची चौकट त्या ग्रिडला दोन ठिकाणी जोडलेली.

कॅट_सिक्स

कारखान्यात टेस्ट झाली म्हणतात ती कितपत खरी धरायची? आणि टियर ३ चं काय? प्रत्येक ब्रोशरवर टियर ३ लिहिलेलं असतं.

बसबार

टियर आधी. दोन डीजी आणि दोन यूपीएस म्हणजे टियर ३ असा समज आहे. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या टियर ३ चा गाभा असा, की कुठलाही एक भाग, मग तो पंप असो, पॅनेल असो की पाइपावरचा व्हॉल्व्ह, ठरवून दुरुस्तीला काढला तरी सर्व्हर चालू राहिले पाहिजेत. लोक ९९.९८२ टक्के हा आकडा सांगतात. वर्षाकाठी दीड-पावणेदोन तास बंद, असा त्याचा अर्थ. पण आकड्यापेक्षा सिंगल लाइन ड्रॉइंगवर बोट ठेवून एकेक वस्तू झाका आणि विचारा, ही काढली तर काय बंद पडेल? मॉड्यूल प्रमाणित असलं तरी अख्खी साइट आपोआप प्रमाणित होत नाही. दोन मॉड्यूलना पाणी देणारा पाइप एकच असेल तर तिथेच टियर संपला.

आता टेस्ट. कारखान्यातली टेस्ट खरी असते, पण ती एका मॉड्यूलची. लोड बँक लावून, म्हणजे हीटरनं सर्व्हरएवढी उष्णता तयार करून, यूपीएस आणि कूलिंग तासन्‌तास चालवतात. त्यानंतर ते मॉड्यूल घाटातून हादरे खात येतं. आमच्या पॅनेलच्या धंद्यात प्रत्येक बसबार बोल्ट टॉर्क रेंचनं आवळला की त्यावर बोल्टपासून पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारतात. जागेवर पॅनेल उघडून बॅटरीच्या उजेडात एकेक रेघ बघायची. रेघ मोडलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरलाय. रेघ शाबूत असली तरी नमुन्यादाखल टॉर्क पुन्हा तपासायचा आणि सगळ्या केबल मेगर करायच्या, म्हणजे त्यांचं इन्सुलेशन मोजायचं. आमच्याकडे पहिल्यांदा उतरवलेल्या मॉड्यूलांत कंट्रोल वायरिंगचे काही टर्मिनल सैल निघाले, बसबारचा एकही नाही. आमच्या पोरांचं काम चांगलं आहे हे अभिमानानं सांगतो.

सगळ्यात महत्त्वाची शेवटची एकत्रित टेस्ट. पूर्ण लोड बँक चालू असताना बाहेरची वीज तोडायची आणि बघायचं. यूपीएसनं उचललं, डीजी सुरू झाले, सिंक झाले. तेवढ्या वेळात कूलिंगचं काय? मॉड्यूल लहान, आतली हवा मोजकीच. १०० किलोवॅटची उष्णता थांबायला तयार नसते आणि काही मिनिटांतच रॅकपुढचं तापमान अलार्मवर जातं. म्हणून आतले पंखे आणि चिल्ड वॉटरचा पंप यूपीएसवर हवेत, आणि चिलर पुन्हा पूर्ण ताकदीनं चालेपर्यंत पुरेल एवढी थंड पाण्याची बफर टाकी हवी. मोठ्या इमारतीत हवेचा आणि काँक्रीटचा थोडा आधार मिळतो, तो इथे नाही. अॅश्रे या वातानुकूलनाच्या अमेरिकी संस्थेची शिफारस रॅकपुढे १८ ते २७ अंशांची. बॅटऱ्यांना पंचविशीच बरी. साध्या शिशाच्या बॅटऱ्यांचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणून बॅटरीची खोली रॅकच्या गरम हवेपासून वेगळी.

आडगाव_नाका

मुंबईच्या बँका नाशकात डीआर (डिझास्टर रिकव्हरी, मुख्य केंद्र पडलं तर चालवायचं पर्यायी केंद्र) टाकतील का? नाशिक जवळ पण आहे.

बसबार

जवळ आहे हीच सोय आणि हीच अडचण. फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद घेतो. दोनशे किलोमीटरची केबल धरली तर जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. डेटाची ताजी प्रत ठेवायला हे छान. पण सेबीच्या चौकटीत शेअर बाजारांसारख्या संस्थांना जवळच्या साइटशिवाय शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रातलं, नाहीतर किमान ५०० किलोमीटर दूरचं डीआर लागतं, आणि २०१६ च्या आवृत्तीत मुंबई-नाशिक दोन्ही झोन ३. त्यामुळे नाशिक हे जवळचं केंद्र म्हणून शोभतं, शेवटचा आधार म्हणून नाही. मोठी केंद्रं नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातच राहतील असं मला वाटतं, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईला येतात. नाशिकची खरी संधी दुसरीकडे आहे.

सॉलिड_स्टेट

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर, ती संधी कुठली? डेटा सेंटर आलं तरी आत माणसं थोडीच लागतात असं आमचे प्राध्यापक म्हणतात.

बसबार

तुझे प्राध्यापक बरोबर सांगतात. चालू झालेल्या डेटा सेंटरमध्ये पाळीला मोजकी माणसं असतात. रोजगार आहे तो बनवण्यात. एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टनची आजची सीजी पॉवर, अशा कारखान्यांमुळे नाशकात स्विचगिअरचं कौशल्य दोन-तीन पिढ्यांत मुरलंय. त्यांच्या आजूबाजूला पॅनेल, पत्राकाम, पावडर कोटिंग, बसबार बेंडिंग, टेस्टिंगची छोटी वर्कशॉप वाढली. मॉड्यूलमध्ये जे लागतं त्यातलं बरंच इथे सातपूर ते गोंदे बनतंच. चेन्नई किंवा पुण्याहून तयार मॉड्यूल मागवतो तेव्हा त्यातलं पॅनेल नाशिकचं निघालेलं मी पाहिलंय. मग चौकट, भिंत, जोडणी आणि टेस्टिंग इथे का नको? त्यासाठी मोठं शेड, ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी), लोड बँक आणि एकत्र यायची तयारी लागते. एकट्या वर्कशॉपला झेपणार नाही, पाच-सहा जणांनी मिळून केलं तर झेपेल.

तू शिकताना डीजी सिंक्रोनायझेशन, प्रोटेक्शन रिले आणि मॉडबस (यंत्रांची आपसात बोलायची भाषा) एवढं हातानं करून बघ. मॉड्यूल जागेवर आल्यावर सगळ्यात जास्त रात्री जातात त्या बीएमएस (इमारतीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) आणि चिलर एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. ते सोडवणारी माणसं मिळत नाहीत.

तांबडा_मुरूम

परवानग्यांचं राहिलं. "खोकं आहे, बांधकाम नाही, परवानगी कशाला" असं म्हणणारे भेटतात.

बसबार

राफ्टवर अँकर केलेलं, वीज-पाणी जोडलेलं, ते तात्पुरतं कसं? एमआयडीसी हद्दीत नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच आहे. आम्ही आराखडा तिथे रीतसर टाकला, फायरची एनओसी घेतली. डिझेलचा साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पेसोचा (स्फोटकं आणि इंधनाच्या साठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवाना. डीजी नवे घेताना सीपीसीबी ४ प्लसचेच (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धुराच्या नव्या मानकाचेच) घ्या, ८०० किलोवॅटपर्यंतच्या सेटना जुलै २०२४ पासून तेच लागू आहे.

द्राक्षवाली

शेवटचा प्रश्न. आमचा लोड तुमच्यासारखा नाही. पॅकहाउसचं ट्रेसेबिलिटीचं (माल कुठल्या बागेतला ते सांगणारं) सॉफ्टवेअर, कॅमेरे, कोल्ड स्टोरेजचं मॉनिटरिंग, आणि आमच्या गटातल्या इतर बागायतदारांचाही डेटा एकत्र ठेवायचा विचार आहे. आयटीवाला म्हणतो २० किलोवॅटपेक्षा जास्त होणार नाही. यासाठी अंगणात मॉड्यूल ठेवायचं का? स्वस्त पडेल का?

बसबार

ताई, २० किलोवॅटला बाहेरचं मॉड्यूल घेऊ नका. प्रीफॅब स्वस्तच पडतं असंही नाही. चौकटीचं स्टील, ओडीसी वाहतूक, क्रेन हे खर्च इमारतीत नसतात. पैसा वाचतो तो टप्प्याटप्प्यानं घालता येतो म्हणून. आज एक मॉड्यूल, लोड भरला की दुसरं. तुमचा लोड एका मॉड्यूलच्या कोपऱ्यात मावेल.

तुमच्यासाठी मायक्रो डेटा सेंटर मिळतात. दोन-चार रॅकचं बंद कपाट, आतच कूलिंग, यूपीएस, धूर ओळखणारी यंत्रणा आणि गॅस. पॅकहाउसच्या ऑफिसशेजारच्या खोलीत बसतं. बाहेरचं युनिट सावलीत ठेवा आणि फवारणीच्या दिशेला नको, गंधकाची पूड कॉइलच्या तांब्याला खाते. केबल जिथून आत येते ती भोकं फायर सीलंटनं बंद करा, सुगीत उंदीर तिथूनच शिरतात. डीजी तुमच्याकडे कोल्ड स्टोरेजसाठी आहेच, त्यावर किती लोड शिल्लक आहे ते सीझनमध्ये, सगळे कॉम्प्रेसर चालू असताना क्लँप मीटर लावून बघा.

आणि कपाट ऑर्डर करण्याआधी खोलीच्या दाराची रुंदी आणि उंची, व्हरांड्याच्या पायऱ्या, आणि फरशीखाली भराव आहे की स्लॅब, एवढं मला इथेच कळवा. भरलेला रॅक टनाच्या घरात जातो. फरशी पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

द्राक्षवाली

दार साडेतीन फूट, उंची सात. फरशीखाली भराव आहे. उद्या फोटो टाकते.

तांबडा_मुरूम

भराव असेल तर कपाटाखालची फरशी काढून तेवढ्यापुरतं आरसीसी पॅड घाला. फोटोत भिंतीच्या कडेला फरशी दबलेली दिसते का तेही येऊ द्या.